मुलांचे टॉन्सिल्स आणि अंगात बारीक कसर: अँटिबायोटिक कधी द्यायचं, कधी थांबायचं?

निशिगंध (नाशिक)
माझा मुलगा पाच वर्षांचा, वजन 16 किलो. परवा संध्याकाळपासून घसा दुखतो म्हणतोय. नाक वाहतंय, थोडा खोकला आहे. दिवसा अंगात नुसती कसर असते, काखेत थर्मामीटर लावलं तर 99.6. रात्री 100.8 पर्यंत जातो आणि पॅरासिटॅमॉल दिलं की उतरतो. मोबाईलच्या टॉर्चने घशात बघितलं तर दोन्ही टॉन्सिल्स लालबुंद, सुजलेले. डावीकडच्यावर एक पांढरा ठिपकाही दिसला. आवंढा गिळताना तोंड वेडंवाकडं करतो, पण पाणी पितोय, ताप उतरला की खेळतोय. पोळी मात्र अजिबात नको म्हणतो.

आमच्या नेहमीच्या डॉक्टर गावाला गेल्यात, सोमवारी येतील. सोसायटीतल्या मैत्रिणी म्हणतात, पांढरं दिसतंय म्हणजे इन्फेक्शनच, अँटिबायोटिक सुरू कर, नाहीतर वाढेल. सासूबाई म्हणतात, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि हळद-दूध पुरे. मला दोन्हीकडून भीती वाटते. गरज नसताना औषध द्यायचं नाही आणि गरज असताना राहून जायलाही नको. तुमच्या मुलांना असं झालं की तुम्ही काय करता? आजच दुसऱ्या डॉक्टरांकडे नेऊ का?

पाऊलवाट (पुणे)
आमच्याकडे लेकीला दर वर्षी पावसाळ्यात आणि थंडीत हे होतंच. आमचा अनुभव सांगतो. ॲझिथ्रोमायसिन तीन दिवस दिलं की चौथ्या दिवशी पोरगी ठणठणीत. मागच्या वेळची अर्धी बाटली अजून फ्रिजमध्ये आहे. फोनवर कुणा डॉक्टरांना विचारून सुरू केलंत तर सोमवारपर्यंत वाट बघायला नको.

माईआजी (चिपळूण)
निशिगंध बाळा, घाबरू नकोस. पोर पाणी पितंय, खेळतंय, हे चांगलं लक्षण. आमच्या घरात सात मुलं वाढली. घसा धरला की पोळी-भाकरी बंद. गुरगुट्या भात चांगला मऊ घोटायचा, वर साजूक तूप आणि चिमूटभर मेतकूट. तेही नको म्हणाला तर मुगाचं कढण, मिरी न घालता, कोमट करून वाटीने पाजायचं. तांदळाची पेज मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा. एकदम वाटीभर पुढे ठेवू नकोस, घशात दुखतंय त्याच्या, दोन-दोन घोट देत राहा. रात्री कोमट दुधात हळद. दही, केळं, आईस्क्रीम काही देऊ नकोस.

शुश्रूषा (सोलापूर)
मी बालरोगतज्ज्ञ आहे. मुलाला न बघता निदान करता येत नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण मार्गदर्शन समजा.

निशिगंध, तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात: नाक वाहतंय आणि खोकला आहे. घसा आणि टॉन्सिल्स सुजायची बहुतेक कारणं व्हायरल असतात, पाच वर्षांच्या आत तर जास्तच. व्हायरलमध्ये घशाबरोबर बाकीची मंडळीही येतात: सर्दी, खोकला, घोगरा आवाज, लालसर डोळे, कधी तोंडात फोड, कधी पातळ शी. ताप साधारण तीन दिवसांत ओसरतो, घसा आठवडाभरात सुधारतो. यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. झालाच तर जुलाब आणि पुरळ यांचा त्रास.

पाऊलवाट, तुमची लेक चौथ्या दिवशी बरी होते, पण व्हायरल घसा औषधाशिवायही बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या दिवशी वळणावर येतो. श्रेय शेवटी दिलेल्या औषधाला मिळतं.

पांढऱ्या ठिपक्याबद्दल. पांढरं दिसलं म्हणजे बॅक्टेरिया, हा समज इतका पक्का बसलाय की कधीकधी डॉक्टरांकडूनही तसंच सांगितलं जातं. ॲडिनोव्हायरस आणि एपस्टाइन-बार व्हायरसमध्येही टॉन्सिल्सवर पांढरा थर येतो, कधी स्ट्रेप म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस जीवाणूच्या थरापेक्षाही जाड. एपस्टाइन-बार असताना अमॉक्सिसिलिन दिलं तर अनेकदा अंगभर पुरळ उठतं आणि त्या मुलाला आयुष्यभरासाठी 'पेनिसिलिनची ॲलर्जी' असा शिक्का बसतो. निव्वळ रंगावरून ठरवू नका.

आता ज्याची खरी काळजी करायची ते. ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जीवाणू आहे. तो साधारण 5 ते 15 वयात जास्त दिसतो, तीन वर्षांखाली क्वचितच. त्याचं येणं वेगळं असतं. सकाळी शाळेत गेलेलं मूल संध्याकाळी एकदम फणफणतं. गिळताना प्रचंड दुखतं, डोकं दुखतं, पोट दुखतं, एखादी उलटी होते, पण नाक कोरडं आणि खोकला नाही. जबड्याच्या कोनाखाली गाठी मोठ्या होतात आणि दाबल्या की मूल कळवळतं. आम्ही ताप, खोकला नसणं, पुढच्या बाजूच्या दुखऱ्या गाठी, टॉन्सिल्सची सूज किंवा थर आणि 3 ते 14 हे वय, यांना एकेक गुण देतो. गुण कमी असतील तर तपासणीही लागत नाही. तीन किंवा जास्त असतील तर घशाचा स्वॅब घेऊन रॅपिड टेस्ट किंवा कल्चर (लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं) करतो. कल्चरला एक-दोन दिवस लागतात. तेवढं थांबल्याने बिघडत नाही, कारण घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झालं तरी ऱ्हुमॅटिक फीव्हर (स्ट्रेपनंतर सांधे आणि हृदयाच्या झडपांना होणारा आजार) टाळता येतो. त्यावर नंतर लिहिते.

आज घरी काय करायचं? पाणी, पेज, सूप, शहाळं, जे घशाखाली जाईल ते. पॅरासिटॅमॉल ताप घालवण्यासाठी नाही, मुलाला बरं वाटावं म्हणून द्यायचं. 100 च्या तापात मूल खेळत असेल तर औषधाची घाई नको. 100 च्या तापातच घसा इतका दुखत असेल की पाणी नको म्हणतंय, तर जरूर द्या. दिल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने खायला-प्यायला द्या, तेव्हा गिळणं सोपं जातं.

माईआजी, तुमचं कढण आणि गुरगुट्या भात मी माझ्या पेशंट्सना लिहूनच देईन. आईस्क्रीमबद्दल मात्र मी वेगळं सांगते. थंड खाऊन टॉन्सिल्स सुजत नाहीत, ते शिंका-खोकल्यातून, उष्ट्या पेल्यातून आणि हातांमधून पसरणाऱ्या जंतूंनी सुजतात. घसा दुखत असताना थंड दूध किंवा साधं आईस्क्रीम थोडं दिलं तर ठणका कमी होतो. गुळण्या नीट करून थुंकता येतील अशा, म्हणजे साधारण सहा वर्षांपुढच्या मुलांनाच. मध वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही.

ही लक्षणं दिसली तर मात्र रात्र असली तरी निघायचं: तोंडातून लाळ गळतेय कारण गिळताच येत नाही, तोंड उघडत नाही, घशात काहीतरी अडकल्यासारखा जड आवाज येतो, श्वास घेताना घरघर किंवा छाती आत ओढली जाते, मान ताठ झाली, आठ तासांत लघवी नाही, मूल मलूल पडलंय आणि हाक मारली तरी नीट बघत नाही. लाळ गळत असेल तर घरी चमचा घालून घसा बघायचा प्रयत्न करू नका.

निशिगंध
डॉक्टर, खूप आभार. लाळ वगैरे काही नाही. जबड्याखाली हात लावून बघितलं, हरभऱ्याएवढी गाठ लागली पण दाबल्यावर रडला नाही. एक विचारू का, मैत्रिणीने दिलेल्या पॅरासिटॅमॉलच्या बाटलीवर 250 लिहिलंय आणि माझ्याकडच्या बाटलीवर 120. दोन्हीतलं 5 एमएलच द्यायचं ना?

औषधमात्रा (सांगली)
निशिगंध ताई, थांबा. याच गोष्टीवरून माझ्या दुकानात रोज एखादी तरी आई गोंधळलेली येते.

पॅरासिटॅमॉल सिरप आपल्याकडे मुख्यतः दोन ताकदींचं मिळतं. एकात 5 मिलिलीटरमध्ये 120 किंवा 125 मिलिग्रॅम, दुसऱ्यात 5 मिलिलीटरमध्ये 250. बाटल्या सारख्याच, रंग सारखा, नावापुढे फक्त डीएस किंवा फोर्ट असं बारीक लिहिलेलं. बाळांचे ड्रॉप्स तर त्याहून कडक, एका मिलिलीटरमध्ये 100 मिलिग्रॅम. म्हणजे ड्रॉप्स चुकून चमचाभर दिले तर 500 मिलिग्रॅम गेले.

हिशोब वजनावर करायचा, वयावर नाही. एका वेळेला किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम. तुमच्या 16 किलोच्या मुलाला 160 ते 240 मिलिग्रॅम. 120 वाल्या बाटलीतून ते साडेसहा ते 10 मिलिलीटर होतं, 250 वाल्यातून साधारण सव्वातीन ते पावणेपाच. दोन डोसांत किमान चार तास, शक्यतो सहा, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. घरातला चहाचा चमचा वापरू नका, कुठला चमचा तीन मिलिलीटरचा तर कुठला सात. बाटलीबरोबरचं टोपण किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला धरून हळूहळू सोडली की मूल थुंकत नाही.

दुसरं, सर्दीचं सिरप आणि तापाचं सिरप एकाच वेळी देताना दोन्ही खोक्यांवरची घटकांची यादी वाचा. सर्दीच्या कितीतरी सिरपमध्ये पॅरासिटॅमॉल आधीच असतं. आईला वाटतं दोन वेगळी औषधं दिली, पोटात जातो दुप्पट डोस आणि भार पडतो लिव्हरवर. सर्दीच्या सिरपमधलं क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन हे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं लेबलवर छापण्याचा आदेश 2023 मध्ये निघालाय. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे भेसळीच्या खोकल्याच्या सिरपने लहान मुलांच्या किडन्या निकामी झाल्या, त्यातली बरीच मुलं उपचाराला नागपुरात आणली होती. किती लेकरं गेली त्यात. तेव्हापासून माझ्या दुकानात चिठ्ठीशिवाय लहान मुलांना खोकल्याचं सिरप मी देत नाही, गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल.

निमेसुलाइड हे तापाचं औषध 12 वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्याकडे 2011 पासून बंदी आहे. मोठ्यांसाठी आणलेली गोळी अर्धी करून देणारे लोक अजून भेटतात, म्हणून लिहिलं.

शुश्रूषा
औषधमात्रा, फार चांगलं लिहिलंत. एकच जोड देते. पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूचे पेशंट असतात, तेव्हा ताप नक्की कशाचा हे कळेपर्यंत इब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड स्वतःहून देऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. ॲस्पिरिन तर मुलांच्या तापात नाहीच. पॅरासिटॅमॉलने दीड अंशच उतरला म्हणून लगेच दुसरं औषध वर देण्याची घाई करू नये. पुसायचं असेल तर कोमट पाण्याने, बर्फाने नाही.

स्वरगंगा (रत्नागिरी)
डॉक्टरांनी ऱ्हुमॅटिक फीव्हरचा उल्लेख केला म्हणून लिहितेय. एरवी मी इथे फक्त वाचते.

माझी धाकटी बहीण दहा-अकरा वर्षांची असताना तिला सारखं घशाचं व्हायचं. एकदा घसा बरा झाल्यावर काही दिवसांनी तिचा गुडघा सुजला, तो उतरला की घोटा, मग कोपर. आईने तेल लावलं, शेक दिला. वाढत्या वयात पाय दुखतातच, असं सगळेच म्हणाले. महिन्याभरात दुखणं थांबलं आणि घरात सगळे ते विसरून गेले. पुढे लग्न झालं, दिवस गेले, सहाव्या महिन्यात तिला जिना चढताना धाप लागायला लागली, रात्री आडवं झोपवेना. सगळ्यांना वाटलं गरोदरपणामुळे असेल. इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तेव्हा कळलं की हृदयाची मायट्रल झडप अरुंद झालीय. फुग्याने झडप मोकळी करण्याची प्रक्रिया मुंबईला झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण तिला दर एकवीस दिवसांनी कमरेत पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं आणि ते बराच काळ चालणार आहे. ते फार दुखतं. दर वेळी ती दोन दिवस लंगडत चालते.

घसा दुखला म्हणून हृदय बिघडतं हे आमच्या घरात कुणाला माहीतच नव्हतं. तुम्हाला माहीत असावं एवढ्यासाठी लिहिलं.

शुश्रूषा
स्वरगंगा, तुमच्या बहिणीला आराम पडो. तुम्ही लिहिलंत ते आमच्या ओपीडीत अजूनही दिसतं, विशेषतः दाटीवाटीच्या वस्त्यांमधून आणि खेड्यांमधून येणाऱ्या मुलांमध्ये.

होतं असं: स्ट्रेपच्या आवरणातले काही भाग आपल्या हृदयाच्या झडपांतल्या आणि सांध्यांतल्या प्रथिनांशी मिळतेजुळते असतात. शरीर जंतूविरुद्ध लढायला जे बळ तयार करतं तेच चुकून स्वतःच्या झडपांवर उलटतं. घसा बरा झाल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, एका सांध्यातून दुसऱ्यात फिरत जातात. काही मुलांचे हातपाय आपोआप वेडेवाकडे हलायला लागतात, अक्षर बिघडतं, हातातून वस्तू पडतात, आणि शाळेत त्यांना उगाच ओरडा बसतो. सांधे पूर्ण बरे होतात. झडपा होतातच असं नाही.

म्हणून स्ट्रेप ठरलं की अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिन पूर्ण दहा दिवस. मूल तिसऱ्या दिवशी उड्या मारत असलं तरी दहा दिवस. या जंतूवर पेनिसिलिन आजही लागू पडतं, सेफॅलोस्पोरिन गटातल्या महागड्या अँटिबायोटिकची गरज नसते. ॲझिथ्रोमायसिन हा पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असणाऱ्यांसाठीचा पर्याय. त्याला दाद न देणारे स्ट्रेप वाढत आहेत, आणि घशासाठी ते दिलं तरी पाच दिवस द्यायचं असतं, तीन नाही.

पाऊलवाट
हे वाचून मी फ्रिजमधली बाटली काढून टाकली. आणि योगायोग बघा, काल दुपारी शाळेतून फोन आला की मुलीला उलटी झाली, घरी न्या. वय आठ. घरी आणली तेव्हा ताप 102.4, डोकं धरून बसलेली. सर्दी नाही, खोकला नाही. डॉक्टरांनी सांगितलं तसं जबड्याखाली बोटांनी हलकं दाबलं तर ओरडलीच. आज सकाळी बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. मीच विचारलं की स्वॅब करता येईल का. त्या म्हणाल्या, सहसा पालक विचारत नाहीत, पण करूया. लांब कापसाची काडी दोन्ही टॉन्सिल्सवर आणि मागच्या भिंतीवर फिरवली, तिला ओकारी आली, तेवढंच. रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह आली. अमॉक्सिसिलिन दहा दिवस दिलंय.

दोन प्रश्न. ड्राय सिरपमध्ये पाणी किती घालायचं? बाटलीवर खूण आहे, पण पाणी टाकलं की पावडर फेसाळते. आणि शाळेत कधी पाठवू?

औषधमात्रा
दादा, आधी बाटली उलटी करून तळावर थोपटा, म्हणजे पावडर मोकळी होते. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं हवं, गरम नको. खुणेच्या निम्म्यापर्यंत घाला, झाकण लावून जोरात हलवा, फेस बसू द्या. मग खुणेपर्यंत भरा, पुन्हा हलवा. पाणी कमी पडलं तर औषध जास्त कडक होतं, जास्त झालं तर पातळ, म्हणून फेस बसल्यावरच खूण बघायची. दर वेळी देण्याआधी हलवायचं, कारण औषध तळाशी बसतं. तयार केलेली बाटली किती दिवस चालते ते लेबलवर असतं, बऱ्याचदा सातच दिवस.

नीट लक्ष द्या: बहुतेक बाटल्या 30 मिलिलीटरच्या असतात. आठ वर्षांच्या मुलीला ती दहा दिवसांच्या खूप आधीच संपेल. लोक बाटली संपली की कोर्स संपला समजतात. तुमच्या चिठ्ठीवरच्या डोसाने दहा दिवसांना किती बाटल्या लागतील ते आत्ताच मेडिकलवाल्याकडून मोजून घ्या आणि सगळ्या एकदम आणून ठेवा. पाणी मात्र एकेकीतच घाला, लागेल तेव्हा.

शुश्रूषा
शाळा: औषध सुरू होऊन चोवीस तास झाले, ताप नाही आणि मूल खातंपितं असेल तर पाठवा. तोवर पेला, बाटली, टॉवेल वेगळे. घरातल्या बाकीच्यांना लक्षणं नसतील तर त्यांची तपासणी किंवा औषध लागत नाही.

लेस्टरकर (लेस्टर, इंग्लंड)
इथली पद्धत सांगतो. 2022 च्या हिवाळ्यात इथे स्ट्रेप आणि स्कार्लेट फीव्हरची (स्ट्रेपमुळेच येणारा, अंगावर पुरळ उठणारा ताप) मोठी लाट आली होती, काही मुलं दगावली. आमच्या मुलाच्या वर्गात पत्रं यायची: घसा दुखणं, जीभ स्ट्रॉबेरीसारखी लाल, पोटा-छातीवर सँडपेपरसारखं खरखरीत पुरळ असेल तर लगेच कळवा. सावळ्या अंगावर ते पुरळ डोळ्यांना पटकन दिसत नाही, हात फिरवल्यावर कळतं. आपल्या मुलांच्या बाबतीत हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

एरवी इथे घसा दुखला म्हणून अँटिबायोटिक सहज मिळत नाही. जानेवारी 2024 पासून पाच वर्षांपुढच्या मुलांचा घसा औषधाच्या दुकानातले फार्मासिस्टच तपासतात, लक्षणांना गुण देतात आणि गरज असेल तरच पेनिसिलिन देतात. आम्हाला पाच दिवसांचं दिलं होतं. डॉक्टर, तुम्ही दहा सांगताय. हा फरक का?

शुश्रूषा
चांगला प्रश्न. इंग्लंडमध्ये ऱ्हुमॅटिक फीव्हर आता फार दुर्मीळ आहे. तिथे औषध मुख्यतः घसा लवकर बरा व्हावा म्हणून देतात, त्याला पाच दिवस पुरू शकतात. आपल्याकडे आम्ही झडप वाचवण्यासाठी देतो आणि त्यासाठी घशातून जंतू पूर्ण जायला हवा. तिथला नियम इथे उचलून आणू नये.

चिमणचारा (छत्रपती संभाजीनगर)
माझ्या मुलाची तपासणी पॅकेजमध्ये झाली, त्यात एएसओ (रक्तातली स्ट्रेपविरुद्धची अँटिबॉडी) 400 आलं. लॅबवाल्यांनी लाल रंगात छापलंय. त्याला आत्ता काहीच त्रास नाही. पेनिसिलिन सुरू करावं लागेल का?

शुश्रूषा
नाही. एएसओ वाढलेलं असणं म्हणजे गेल्या काही महिन्यांत कधीतरी स्ट्रेपशी गाठ पडली होती, एवढंच. संसर्गानंतर आठवड्याभराने ते वाढायला लागतं, तीन ते पाच आठवड्यांनी सर्वाधिक होतं आणि पुढे कित्येक महिने रेंगाळतं. शाळकरी मुलांमध्ये असे आकडे नेहमी दिसतात. सांधे सुजलेले, धाप, अंगाच्या विचित्र हालचाली, असं काही असेल तरच त्या आकड्याला अर्थ. नुसत्या आकड्यासाठी निरोगी मुलाला इंजेक्शनं देत राहणं मला मुळीच पटत नाही. आणि आत्ता घसा दुखत असेल तर एएसओ करून उपयोग नाही, तेव्हा स्वॅबच हवा.

कवडसा (ठाणे)
टॉन्सिल्स काढून टाकण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्या मुलाचे सहाव्या वर्षी काढले, टॉन्सिल्स आणि ॲडिनॉइड्स (नाकाच्या मागच्या गाठी) दोन्ही. कारण ताप नव्हतं, झोप होतं. तोंड उघडं टाकून घोरायचा, मध्येच श्वास थांबायचा आणि दचकून उठायचा, दिवसा वर्गात पेंगायचा. ऑपरेशननंतर घशात पांढरट साय धरली होती, ती पू नाही असं सर्जननी आधीच सांगून ठेवलं होतं. कान दुखतो म्हणाला तर तेही त्यातलंच. पाचव्या ते दहाव्या दिवसात खपली सुटताना रक्त येऊ शकतं, तेव्हा ताबडतोब हॉस्पिटल. आम्हाला ती वेळ आली नाही. आता शांत झोपतो.

शुश्रूषा
बरोबर. टॉन्सिल्स चार ते आठ वयात मोठेच असतात आणि पुढे आपोआप लहान होतात, त्यामुळे नुसते मोठे दिसतात म्हणून काढत नाहीत. वारंवार होणाऱ्या संसर्गासाठी ढोबळ मोजमाप असं: एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दर वर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं दर वर्षी तीन वेळा, आणि प्रत्येक वेळची डॉक्टरांकडे नोंद. म्हणून तारखा लिहून ठेवा.

निशिगंध
सोमवारी आमच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी कान, छाती, घसा तपासला, व्हायरलच म्हणाल्या. घशाच्या मागच्या भागात दोन-तीन बारीक फोडही दिसले त्यांना. रविवारपासून ताप नाही. माईआजी, तुमच्या पद्धतीने मेतकूट घालून भात दिला, सगळी वाटी संपवली. आज पोळी मागितली, दुधात कुस्करून.

माईआजी
लेकरू जेवलं, बरं वाटलं हो. अजून दोन दिवस तिखट देऊ नकोस.

रानपाखरू (नंदुरबार)
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. स्वरगंगा ताईंचं लिहिलेलं वाचल्यापासून चैन नाही. चौथीतली एक मुलगी दिवाळीनंतर बरेच दिवस आली नाही. घसा आणि तापामुळे म्हणून सांगितलं होतं. आता येते, पण गुडघा सुजलेला असतो, मागच्या आठवड्यात मनगट सुजलं होतं. कबड्डीत पहिली असायची, आता दोन फेऱ्या मारल्या की बसते. घरचे मजुरीला जातात, पाय मुरगळला असेल म्हणतात. आमच्याकडे शाळा आरोग्य तपासणीचं पथक पुढच्या महिन्यात येणार आहे. तोपर्यंत थांबू का?

शुश्रूषा
गुरुजी, थांबू नका. फिरती सांधेदुखी आणि लागणारा दम ही दोन्ही एकत्र आहेत, हे याच आठवड्यात बघायला हवं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ऱ्हुमॅटिक हृदयरोग समाविष्ट आहे, त्यामुळे पथकातल्या डॉक्टरांना आजच फोन करून कळवा, पुढचे उपचार त्या मार्गाने मोफत होऊ शकतात. पण मुलीला आधी उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवा. तिथे तुम्ही मला सांगितलंत तेच सांगायचं: आधी घसा आणि ताप, मग सांधे एकामागून एक, आता धाप. ईसीजी आणि इको करायला सांगा. तोवर तिला खेळायला लावू नका, पळायला नको. वेदनेसाठी घरच्यांनी दुकानातून गोळ्या आणून देऊ नयेत, सांध्यांची सूज दबली की निदान अवघड होतं.

रानपाखरू
तिच्या वडिलांशी आत्ताच बोललो. उद्याची मजुरी बुडेल म्हणून कचरत होते, ते मी बघतो म्हटलं. सकाळच्या पहिल्या एसटीने दोघं निघतील. डॉक्टर, तुमचे शब्द जसेच्या तसे कागदावर उतरवून त्यांच्याजवळ देतोय, आधार कार्ड आणि शाळेचं बोनाफाइडही. पथकातल्या मॅडमना फोन झाला, त्या रुग्णालयात सांगून ठेवतायत. इको झाला की इथे कळवतो.